रोल नंबर चाळीस

स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं शाळेचं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर बाईच उभ्या राहिल्या. गणिताच्या बाई. आमच्या तुकडीला नाव सांगायची गरज नाही. मैदान, संमेलनं, प्रयोगशाळा यांवर बाकीचे लिहितीलच. मी एका तासाबद्दल लिहितो.

नववीत, मधल्या सुट्टीनंतर. बाईंनी सांगितलं, आपापला रोल नंबर घ्या, त्याचा वर्ग करा, त्यात तोच नंबर मिळवा, वर ४१ मिळवा. आलेली संख्या मूळ आहे का, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून कशानेच तिला भाग जात नाही ना, ते सांगा. पहिल्याची ४३ आली, दुसऱ्याची ४७, तिसऱ्याची ५३. सगळ्या मूळ. पुढे भागाकार लांबत गेले. ३९ नंबरच्या मुलीने १६०१ ला २ पासून ३७ पर्यंतच्या बाराही मूळ संख्यांनी भागून पाहिलं, वहीचं अख्खं पान भरलं. तीही मूळ. पटावर शेवटचा मी, चाळिसावा. माझी आली १६८१. मी १३ पर्यंत भागाकार केले आणि उभा राहून ठणकावून सांगितलं, "मूळ."

"कशावरून?"

"सगळ्यांच्या तशाच आल्या, बाई."

"एक्केचाळीसने भाग."

४१ चोक... नव्हे, ४१ गुणिले ४१. बाकी शून्य.

हे सूत्र ऑयलरच्या नावाने ओळखलं जातं, बाई म्हणाल्या. शून्यापासून ३९ पर्यंत एकदाही चुकत नाही आणि ४० ला फसतं. म्हणून नुसते दाखले पुरत नाहीत, सिद्धता लागते. मला ते लागलं होतं. मी विचारलं, "मग सिद्धतेवर तरी विश्वास का ठेवायचा? तर्क आजवर बरोबर निघाला म्हणूनच ना?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. खडू बोटांत फिरवत राहिल्या. घंटा झाली, तशा "उद्या सांगते" म्हणून गेल्या.

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या आधीच म्हणाल्या, "कालच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. तर्क खरा आहे हे पटवायला मी जे बोलेन ते तर्कानेच बोलेन. तराजू खरा की खोटा, हे त्याच तराजूत कसं तोलणार? कुठेतरी विश्वास ठेवावाच लागतो. भूमितीत आपण गृहीतकं धरतोच की." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण काल तुझी चूक भागाकारानेच पकडून दिली, हे विसरू नकोस."

चाळीस मुलांसमोर 'मला येत नाही' म्हणणारं मोठं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

कॉलेजात तत्त्वज्ञ ह्यूम वाचला. आजवर सूर्य उगवला म्हणून उद्याही उगवेल, याला तर्काचा आधार कोणता, हे त्याने १७४८ मध्ये विचारून ठेवलं होतं. मग तर्कशास्त्रज्ञ गोडेल भेटला, १९३१ चा. अंकगणित सामावून घेणारी, नियमांनी बांधलेली कोणतीही विसंगतीमुक्त व्यवस्था आपली सुसंगती आपल्याच आत सिद्ध करू शकत नाही. दोन्ही वेळा बाईंचा तराजू आठवला.

तेव्हा बुद्धीवर भिस्त ठेवणं ही श्रद्धा आहे का? आहे, मी ते नाकारत नाही. पण 'मग सगळ्याच श्रद्धा सारख्या' असं कोणी म्हटलं की मी वाद घालतो. युक्लिडचं समांतर रेषांचं गृहीतक दोन हजार वर्षं टिकलं. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोल्याई यांनी तेच बदलून पाहिलं. कोणी गणितद्रोही नव्हते ते, भूमितीवर जीव असलेलेच होते. भूमिती कोसळली नाही, दुसरी उभी राहिली. आपल्याच पायाखालचा दगड हलवून पाहायची मुभा देणारी श्रद्धा मला तरी दुसरी माहीत नाही. आणि खरं सांगायचं तर ही श्रद्धा मला पुस्तकांतून आली नाही. आधी बाईंवर विश्वास बसला, त्यांच्या मागोमाग तर्कावर.

आज मी संगणक प्रणाली तपासण्याचं काम करतो. हजार चाचण्या पास झाल्या, आता सही करा, असं वरून सांगितलं जातं. माझ्या हातात पेन असतं आणि डोळ्यांसमोर १६८१. कितीदा तरी मी सही थांबवली आहे. दोनदा तरी पुढे चूक निघाली.

हल्लीची मुलं १६८१ मूळ आहे का, हे फोनला विचारतात. फोन बरोबरच सांगतो. पण ते पानभर भागाकार गेले, आणि तेराला थांबून फसण्याची सोयही गेली, याचं मला वाईट वाटतं.

ती वही अजून माझ्याकडे आहे. १६८१ च्या खाली लाल शाईची फुली आहे आणि समासात बाईंच्या अक्षरात लिहिलंय : 'प्रश्न चांगला. उत्तर सापडलं तर मला सांग.' बाई जाऊन बरीच वर्षं झाली. उत्तर सापडलं नव्हतं म्हणून मी कधी भेटायला गेलो नाही. सापडलं नाही, एवढं सांगायला तरी जायला हवं होतं.