नळ गळत होता, तर सांगायचं ना

आज प्लंबर वरच्या टाकीचा बॉलकॉक बदलायला आला होता. जाता जाता म्हणाला, "खालच्या ताईंकडचा सिंकचा नळ मागेच बदलून दिलाय, आता गळत नाही ना?" मी नुसती मान हलवली. मला कुठे काय माहीत होतं!

तेव्हापासून डोक्यात तेच. पैशांचं काही नाही, नळाला असे किती लागतात. पण खालच्या मजल्यावरची आमची भाडेकरू ती, मला सांगितलं का नाही तिने? जिन्यात रोज भेटते, "काकू, चहा झाला का?" विचारते. परवा अळूवड्यांचा डबा परत देताना चांगली अर्धा तास बोलत उभी होती. एवढं सगळं बोलली आणि नळ गळतोय हे सांगवलं नाही.

हे म्हणाले, "बरंच झालं की, आपला खर्च वाचला." यांना काही लागतच नाही. असो.

मला मात्र लागलं. आपण सगळं रीतीने केलं. करार रजिस्टर केला, पोलिसांत माहिती दिली. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार नोंदवणं ही मालकाचीच जबाबदारी आहे, आम्ही ती टाळली नाही. घर बघायला जायचं तर आधी कळवून, योग्य वेळी जावं असंही त्यात आहे. मी तर नुसतं खाली डोकावायचं तरी फोन करते. मग आणखी काय करायला हवं होतं मी?

त्याच कायद्यात असंही आहे की मालक दुरुस्ती करत नसेल तर भाडेकरूने 15 दिवसांची नोटीस द्यावी, स्वतः काम करून घ्यावं आणि खर्च भाड्यातून वळता करावा, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. आमचा कागद लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी, तेव्हा भाडेकरूच्या कलमाचं राहू दे. पण हिने ना सांगितलं, ना एक रुपया कापला. एक तारखेला भाडं पूर्ण जमा. तेच टोचतंय. वर येऊन भांडली असती तरी चाललं असतं.

कपड्यांच्या घड्या घालताना एकदम गच्चीवरचं आठवलं. शेजारच्या वहिनी सांगत होत्या, "आपल्या नाशिकचा 2027 चा सिंहस्थ कुंभमेळा आलाच म्हणायचा. लोक आतापासून यात्रेकरूंसाठी खोल्या रिकाम्या करून घेतायत, तुम्हीही बघा." मी हसून विषय बदलला होता. आमची भाडेकरू तिथेच बाळाचे कपडे वाळत घालत होती. काही बोलली नाही, एकेका झबल्याला दोन-दोन चिमटे लावत राहिली.

करार दिवाळीनंतर संपतो. तिच्या नवऱ्याची ड्यूटी अंबडच्या एमआयडीसीत, तीही शिफ्टची. बाळ एवढंसं. कटकट करणाऱ्याला आधी घराबाहेर काढतात, असं तिच्या मनात आलं असणार. मी कितीही अळूवड्या पाठवल्या तरी तिच्यासाठी मी आधी घरमालकीण, मग काकू. तिने ते विसरावं असं मी का म्हणावं? डोक्यावरचं छप्पर माझ्या होकारावर आहे, तिने जपूनच बोलायला हवं. हे पटलं तसा राग उतरला. थोडं वाईट वाटतंय अजून, ते राहीलही.

फोन करून खाली गेले. उभ्या उभ्याच सांगितलं, "कुंभासाठी आम्हाला घर रिकामं करायचं नाहीये. दिवाळीनंतर करार पुढे करू. भाडं किती वाढवायचं ते दसऱ्याच्या आधी चौघं बसून ठरवू, म्हणजे तुम्हाला ऐनवेळी पळापळ नको. आणि नळाचे पैसे पुढच्या भाड्यातून कापून घे."

"अहो काकू, एवढ्याशाचं काय..."

"कापून घे म्हटलं ना."

जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काकू, बाथरूमचं दार पावसाने फुगलंय, कडीच लागत नाही. ओट्याची एक फरशी हलते. आणि रात्री वरून पाटा सरकवल्याचा आवाज येतो, तेवढ्यात बाळ उठतं."

दारासाठी सुताराला फोन केलाय, सोमवारी येतो म्हणाला. फरशीचं ह्यांना सांगते. पाटा माझाच आहे, तो उद्यापासून दुपारी.