माळकरी वडिलांचा आजार आणि माझा रिपोर्ट

अण्णा माळकरी. आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, तरी लिव्हरच्या कॅन्सरनं गेले. पहिल्या दवाखान्यात फाईल उघडायच्या आधीच विचारलं गेलं, "किती वर्षं पिताय?" अण्णांनी गळ्यातल्या माळेला हात लावला आणि मान खाली घातली. तो हात मला आजही दिसतो.

चार वर्षांनी माझ्या फायब्रोस्कॅनचा, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणाऱ्या तपासणीचा, आकडा १६ आला. हिपॅटायटिस बी, सी दोन्ही निगेटिव्ह. मधुमेह मात्र नऊ वर्षांचा. फॅटी लिव्हर वाढत वाढत सिरॉसिसवर, म्हणजे लिव्हर वणांनी कडक होण्यावर, आलं होतं. या वेळच्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवून अण्णांची सगळी हकीकत ऐकली. जनुकांची तपासणी करता येईल म्हणाले, पण एक आधीच सांगितलं: निकाल काहीही येवो, सिरॉसिस आहे म्हटल्यावर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायचीच. तरी मी रक्त दिलं. मला अण्णांसाठी उत्तर हवं होतं.

समुपदेशक बाईंनी कागदावर आमचं घराणं मांडलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्यावर तिरकी रेघ. थोरल्या आत्याचा गोल काढताना मी थांबले. ती 'पोटात पाणी होऊन' गेली, एवढंच घरात बोललं जायचं. लिव्हर बिघडलं तरी असं होतं, पण का झालं, कुणी विचारलंच नव्हतं.

रिपोर्टमध्ये पीएनपीएलए३ या जनुकाच्या माझ्या दोन्ही प्रती बदललेल्या निघाल्या. फॅटी लिव्हरशी त्याचं नातं २००८ मध्ये उजेडात आलं. त्या जनुकाच्या प्रथिनात १४८व्या जागी आयसोल्यूसिनऐवजी मेथिओनिन येतं. मग ते प्रथिन पेशीतल्या चरबीच्या थेंबांवर ठाण मांडून बसतं आणि चरबी वितळू देत नाही. सिरॉसिसचा धोका वाढतो, कॅन्सरचाही. वजन, साखर, दारू यांची जोड मिळाली तर आणखी. पण हा बदल असलेल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही, हे बाईंनी मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरलं.

दोन प्रती म्हणजे एक अण्णांची, एक आईची. आईला हे कळलं तेव्हा ती दिवसभर बोलली नाही. रात्री म्हणाली, "म्हणजे मीच दिलं होय गं तुला?" मी तिच्याजवळ बसून राहिले. जे देणं-न देणं हातातच नाही, त्याचा दोष कसला, हे मला कळत होतं. तिला पटेल असं सांगता येत नव्हतं. कारण माझ्या मुलीकडेही एक प्रत गेलेली आहेच, आणि ती माझ्याकडूनच.

तिसऱ्या सोनोग्राफीला १.३ सेंटिमीटरची गाठ दिसली. सहा तास उपाशी पोटी, 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' या पाटीखाली बसून मी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचत होते. एक सेंटिमीटरच्या वरची गाठ, म्हणून ट्रिपल फेज सीटी, म्हणजे शिरेतून औषध सोडून तीन टप्प्यांत काढायचा स्कॅन, करायचं ठरलं. कॅन्सरच्या गाठीला रक्त मुख्यतः धमनीतून मिळतं, म्हणून शिरेतून सोडलेलं औषध पोचताच ती आधी उजळते आणि मग आजूबाजूच्या लिव्हरच्या आधी फिकी पडते. औषध शिरलं तेव्हा अंगभर गरम लाट आली. मशीन 'श्वास रोखा' म्हणालं की मी रोखायची आणि अण्णांचं नाव घ्यायची. त्यांची गाठ सापडली तेव्हा नऊ सेंटिमीटरची होती. त्यांची सोनोग्राफी त्याआधी कधी झालीच नव्हती, कारण न पिणाऱ्या माणसाच्या लिव्हरकडे बघायचं कुणाला सुचलं नाही. याचा मला अजून राग येतो.

माझी गाठ उजळली नाही. सिरॉसिसमध्ये लिव्हर स्वतःला सावरताना अशा गाठी होतात, असं डॉक्टरांनी समजावलं आणि पुढची तपासणी तीन महिन्यांवर आणली. तीही नीट पार पडली.

धाकटा भाऊ आजवर टाळत होता, "मी तर पीतच नाही" म्हणून. त्यालाही साखर आहे, पोट सुटलंय. मी त्याच्यापुढे अण्णांचे जुने कागद ठेवले. येत्या गुरुवारी फायब्रोस्कॅनला येतोय. उपाशी पोटी यायचं, चहासुद्धा पिऊन यायचं नाही, हे वहिनीला सांगून ठेवलंय.