ओव्हलवरचा ट्रक डावीकडे वळतो कसा?

अमेरिकेच्या पूर्वेकडे उन्हाळ्यात रात्री आठला शर्यत सुटते, तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. एवढं लवकर उठायचंच, तर नॅसकारच्या (अमेरिकेतली मोटार शर्यतींची संस्था) ट्रकची मार्टिन्सव्हिलची शर्यत बघा. ट्रॅक ओव्हल म्हणजे लंबगोल, सगळी वळणं डावीकडे; लांबी जेमतेम ०.५२६ मैल, वळणांचा आतल्या बाजूला उतार फक्त १२ अंश. ब्रेक इतके तापतात की डिस्क लालभडक दिसतात.

खरी गंमत मागच्या टायरांत आहे. हवा भरून, ट्रेडच्या (टायरचा रस्त्याला टेकणारा पट्टा) बरोबर मध्यावरून टेप फिरवून परीघ मोजतात. उजव्याचा परीघ डाव्यापेक्षा मोठा लागतो. मागची दोन्ही चाकं एकमेकांशी जखडलेली (लॉक) असली की दोघांच्या फेऱ्या सारख्याच, म्हणून ट्रक आपोआप डावीकडे झुकतो. परिघांतला फरक कमी पडला तर कात्रजच्या जुन्या घाटात वेगात शिरलेल्या गाडीसारखं नाक बाहेर ओढतं. जास्त झाला तर शेपूट निसटते. उजवा टायर जास्त तापतो, प्रेशर वाढतं, फरकही वाढतो. त्यामुळे थंड टायरचं माप पुरेसं नाही.

पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत ट्रक दुरुस्तीला थांबतो तिथे, मागच्या काचेतून पाना घालतात ना, तो डाव्या मागच्या स्प्रिंगसाठी. शेपूट निसटत असेल तर अर्धा फेरा आवळायचा, नाक ओढत असेल तर सैल करायचा.