कॅमेऱ्यात फक्त माळीमामा

चोर माणूस असता तर त्याने आधी तळ्यातला मोठा कोहाकू, म्हणजे कोई जातीचा शोभेचा मासा, उचलला असता. पांढऱ्या अंगावर लाल पट्टे, दीड फुटाहून लांब, जपानहून आलेला. पाहुणा आला की मालक त्याची किंमत आवर्जून सांगायचे. तो तळ्यात होता. त्याच्याबरोबरचे दोन पिवळे ओगोन कोईही होते. गेली होती ती चार-सहा इंची पिल्लं, बाजारात शे-दोनशेला मिळतात तसली. चाळीस हजारांचा मासा सोडून दीडशेची पिल्लं नेणारा चोर मी तरी पाहिलेला नाही. तळ्यावर उभं राहिल्यावर दहा मिनिटांत मी हे बोललो, पण तोवर माळीमामांचा हिशोब करून त्यांना घालवलं होतं. अर्ध्या महिन्याचा पगार 'नुकसानीपोटी' कापूनच. आणि घरात कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं, कारण पुरावा होता. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग.

मी पुण्यात कोई माशांची तळी बांधतो आणि सांभाळतो. लोकांना वाटतं दिवसभर माशांना दाणे टाकायचं काम. खरं तर ते फिल्टर धुण्याचं काम आहे, आणि तो किती धुवायचा नाही हे कळण्याचं. नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने स्पंज स्वच्छ खळखळून धुतला की त्यातले बॅक्टेरिया मरतात, पाण्यात अमोनिया चढतो आणि आठवड्याने मालक फोन करतो की मासे वर येऊन तोंड उघडतायत. मामांना हे एकदा सांगितलं ते त्यांनी कधी चुकवलं नाही. बादलीत तळ्याचंच पाणी घेऊन त्यात स्पंज पिळायचे. एवढं ऐकणारा माळी मिळायला नशीब लागतं.

हे बाणेरकडचं तळं मी बांधलेलं नाही, फक्त देखभालीला माझ्याकडे आलं. बांधलं एका लँडस्केपवाल्याने, आणि ते फोटोत सुरेख दिसतं. लॉन संपतं तिथेच पाणी सुरू, मध्ये काठ म्हणून नाहीच. एका बाजूला गोट्यांचा उतार, 'बीच इफेक्ट'. सगळ्यात खोल जागी जेमतेम दोन फूट. पाणी आरशासारखं, आणि पाण्याखाली दिवे. बगळ्यासाठी पाट-पाणी मांडून ठेवल्यासारखं. बगळा सहसा थेट खोल पाण्यात उतरत नाही, तो बाजूला उतरतो आणि चालत आत जातो. त्याला पाय टेकायला उथळ उतार लागतो. काठ उभा असेल आणि पाणी काठापासून वीतभर खाली असेल, तर त्याचं निम्मं काम तिथंच बिघडतं. तळं साडेतीन-चार फूट खोल असेल तर माशाला दडायला जागा मिळते. हे ड्रॉइंगवर असतानाच करायचं असतं, पण तेव्हा आम्हाला कोण विचारतं.

आता पुरावा. बागेत कॅमेरा होता, तोही तळ्यावर रोखलेला. सिक्युरिटी एजन्सीच्या सुपरवायझरने मला मोबाइलवर क्लिपा दाखवल्या. पहाटे मामा पाइप घेऊन, संध्याकाळी मामा दाणे घेऊन, एकदा मामा वाकून पाण्यात हात घालताना. (जाळीत अडकलेली पानं काढत होते, हे मला दिसत होतं. त्याला दिसत नव्हतं.) "महिनाभरात तळ्याजवळ दुसरं कुणी आलेलंच नाही, सर," तो म्हणाला. मी विचारलं, मांजर? नाही. कावळा? नाही. बंगल्यातलं कुत्रं? तेही नाही. ज्या कुत्र्याने मी आत शिरताना माझी पँट ओली केली होती, ते महिनाभर बागेत फिरकलेलं नाही!

मग डोक्यात प्रकाश पडला. कॅमेरा 'फक्त माणूस' या सेटिंगवर होता. पानं हलली, पाऊस पडला, पाखरू उडालं की मोबाइल वाजत राहतो म्हणून बसवणाऱ्यानेच ते लावून दिलेलं. दिसलं सगळं, ठेवलं फक्त माणसाचं. आणि त्या बागेत काम करणारा माणूस एकच होता.

तळं मात्र बोलत होतं. दगडावर चुना शिंपडल्यासारखे पांढरे डाग होते, अर्धवट धुतलेले. एरवी पावलांच्या आवाजाने तोंड वर काढणारे मासे खाली पंपाच्या कोपऱ्यात दाटीने उभे, दाणे टाकले तरी येईनात. कोहाकूच्या पाठीवर एक खोल, अरुंद भोक, कडेचे खवले उडालेले. मांजराचा पंजा ओरखडे काढतो, असं भोक पाडत नाही. ही चोच. मासा गिळण्याजोगा नव्हता म्हणून सुटला. अशा जखमेत पुढे जंतुसंसर्ग होऊन व्रण पडतो, म्हणून तो मासा वेगळ्या टाकीत घेऊन मिठाच्या पाण्यात ठेवावा लागला.

मी मामांना फोन लावला. ते म्हणाले, "आवो मी सांगितलं व्हतं मॅडमला. रातचं पाखरू येतंय. वाक् करून वरडतंय, लाइटीपाशी उभं ऱ्हातंय. त्या म्हनल्या, बगळे रात्री झोपतात."

रातबगळा झोपत नाही. तो दिवसा नदीकाठच्या झाडांवर मान आखडून बसतो आणि अंधार पडला की निघतो. पुण्यात मुळा-मुठेच्या कडेला राहणाऱ्यांनी तो 'वाक्' रोज ऐकलेला असतो, फक्त कुणाचा ते ठाऊक नसतं. पावसाळ्यात त्याच्या घरट्यात पिल्लं असतात, आणि ही गोष्ट जुलैची. दिवसा येणारी ढोकरी, म्हणजे छोटा बगळा, नि राखी बगळा लोकांच्या नजरेला पडतो, हा पडत नाही. त्यात तळ्यातले दिवे रात्रभर चालू. दिव्याला किडे, किड्यांमागे मासे वर, आणि रातबगळ्याला उजेडात मासे मारायला आवडतंच.

सुपरवायझरला मी सेटिंग बदलायला सांगितलं. "सर, मग अलर्टचा पाऊस पडेल." पडू दे म्हटलं. पहिल्याच रात्री तीनच्या सुमारास रातबगळा आला. गोट्यांच्या उतारावर उतरला, दोन पावलं टाकून दिव्याशेजारी थांबला आणि मग काहीच नाही. इतका वेळ काही नाही की मालकांनी क्लिप पुढे ढकलली आणि नेमका क्षण हुकला. मागे नेऊन पाहिलं. मान एकदम लांब झाली आणि चोचीत मासा आडवा. त्याने तो एकदा उडवून डोक्याकडून धरला आणि गिळला. गळ्यातला फुगवटा खाली सरकताना दिसला. मग पुन्हा आधीसारखा उभा. मॅडम म्हणाल्या, "केवढंसं आहे हो हे." सुपरवायझर म्हणाला, माझ्या ओळखीत एकाकडे छर्‍याची बंदूक आहे. त्याला सांगावं लागलं की 1972 च्या वन्यजीव कायद्याने या पक्ष्याला संरक्षण आहे. मामांबद्दल कुणीच काही म्हणालं नाही.

उपायांचं म्हणाल तर लोक आधी विकत मिळणारं सगळं आणतात. इथेही प्लास्टिकचा बगळा आला होता. एक बगळा दिसला की दुसरा येत नाही, असं खोक्यावर छापलेलं असतं. आपल्याकडचे बगळे शेकड्यांनी एका झाडावर घरटी करतात. एका गिऱ्हाइकाकडे तर खरी ढोकरी त्या प्लास्टिकच्या डोक्यावर बसून टेहळणी करायची. दुसरं, बाल्कनीला कबुतरजाळी ठोकणाऱ्यांना बोलावतात. ते अर्ध्या तासात बारीक नायलॉनची जाळी पाण्यावर सैल टाकून जातात. सैल जाळी मध्ये लोंबते, पाण्याला टेकते आणि बगळा त्यावर उभा राहून मासे मारतो. नाहीतर पाय गुंतून रात्रभर फडफडतो. दिवड (पाणसाप) अडकलेलीही मी कात्रीने सोडवलीय, आणि दिवड बिनविषारी असली तरी कडकडून चावते.

आम्ही गोट्यांचा उतार काढून तिथे उभा दगडी काठ केला आणि पाणी वीतभर खाली घेतलं. दिवे टायमरवर, दहाला बंद. तळाशी आठ इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे, माशांना शिरायला. आणि ॲल्युमिनियमच्या चौकटीवर काळी, जाड धाग्याची, गाठी नसलेली जाळी, बोटाने दाबली तरी खाली न जाणारी. काळी जाळी चार पावलांवरून दिसतही नाही. मॅडमना मात्र दिसते. सोसायटीतल्या मैत्रिणी आल्या की त्या चौकट काढायला लावतात आणि मग परत लावायचं राहतं.

कोहाकूची जखम भरली, तो परत तळ्यात सोडला. त्या दिवशी मालक खुशीत होते, म्हणून मामांचा विषय काढला. "हो हो, बोलवा ना त्याला परत," ते म्हणाले. म्हणजे मीच बोलवायचं. कापलेल्या पगाराचं विचारलं तर म्हणाले, ते अकाउंट्सवाला बघतो. अकाउंट्सवाला म्हणाला, सरांनी सांगितलं तर देतो.

मामा आता पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका रोपांच्या नर्सरीत लागलेत. परत यायचं का विचारलं तर म्हणाले, "पैसं द्या म्हनावं, मग बघू." येणार नाहीत, हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत आहे. या महिन्याच्या देखभालीच्या बिलात टायमर, पाइप, जाळी यांच्या खाली मी एक वेगळी ओळ घातलीय: 'माळी, थकीत पगार.' बिल अजून पास झालेलं नाही. अकाउंट्सवाल्याचा फोन आला होता, ही ओळ कशाची म्हणून. क्लिप बघा म्हटलं, सरांच्या मोबाइलमध्ये आहे.