देवाच्या नजरेत श्रीमंत

शाळेनं तुम्हाला काय दिलं असं विचारलं तर आमच्या बॅचचे बहुतेक जण गणित सांगतील, शिस्त सांगतील, इंग्लिश सांगतील आणि ते सगळं खरंच आहे, पण मला विचाराल तर मी पहिलं नाव गोन्सालो गार्सियाचं घेईन. तो मला आपल्या शाळेत भेटला, धर्मशिक्षणाच्या तासाला. मी 1990 च्या एसएससी बॅचची. तेव्हा आमचे धर्मशिक्षणाचे सर (नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही, पण जुन्या मुलांना लगेच कळेल) पुस्तक बाजूला ठेवून गोष्ट सांगायचे आणि गोष्ट सांगताना खिडकीतून हात करून म्हणायचे की हा मुलगा इथला, आपल्या वसईतला, किल्ल्यात वाढलेला, बाप पोर्तुगीज आणि आई इथलीच.

आता सगळ्यांना वाटतं संत म्हणजे लहानपणापासून हात जोडून बसलेला. गोन्सालो तसा नव्हता हे सर मुद्दाम सांगायचे. तो 1557 च्या आसपास जन्मला, जेझुइटांच्या (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) शाळेत शिकला, पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा इतकी छान शिकला की लोकांना तो धर्म शिकवायला लागला. त्याला जेझुइट व्हायचं होतं पण त्याला घेतलं नाही. मग तो व्यापारी झाला. आणि चांगला व्यापारी झाला, पैसा आला, नाव झालं, ठिकठिकाणी त्याचा व्यापार चालू झाला. इथे सर थांबायचे आणि विचारायचे, आता सांगा, याला काय कमी होतं? वर्गात कोणी काही बोलायचं नाही. मग ते सांगायचे की त्यानं तो चालता धंदा सोडला आणि मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात साधा ब्रदर झाला, फादर म्हणजे धर्मगुरूसुद्धा नाही, नुसता ब्रदर. 1593 मध्ये दुभाषी म्हणून परत जपानला गेला आणि 1597 च्या 5 फेब्रुवारीला नागासाकीच्या टेकडीवर 26 जणांना क्रूसावर मारलं त्यात तो होता. त्याआधी त्यांचे कान कापले, भर थंडीत शेकडो मैल चालवत नेलं. त्या 26 मध्ये बारा वर्षांचा एक मुलगा पण होता, म्हणजे तेव्हाच्या आमच्यापेक्षाही लहान. 1862 मध्ये पोपनी गोन्सालोला संत जाहीर केलं, भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत तो.

मरणाची गोष्ट ऐकून आम्ही रडायचो, पण सरांचा जीव अडकलेला असायचा त्या धंदा सोडण्याच्या जागेवर. ते म्हणायचे क्रूसावर त्याला दुसऱ्यांनी चढवलं, दुकानातून तो स्वतः बाहेर पडला, ते जास्त अवघड. तेव्हा ते मला फारसं कळलं नव्हतं. कळायला वसई बदलावी लागली.

ज्यांनी तेव्हाची वसई पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं लिहिते. शाळेच्या मागे सरळ वाड्या सुरू व्हायच्या. केळी, पानवेली, मोगरा, भाजी, मध्ये मध्ये बावखलं, पावसाचं पाणी त्यात साठायचं आणि उन्हाळ्यापर्यंत पुरायचं. आमच्यातल्या निम्म्या मुलांचे आईवडील पहाटेच्या लोकलनं भाजी, फुलं घेऊन दादरला जायचे. पैसा बेताचा होता. मी गरिबीचं कौतुक करत नाहीये, पावसाळ्यात आमच्या घरी फी भरायला उशीर व्हायचा आणि बाबांना त्याचा त्रास व्हायचा हे मी पाहिलंय. गरिबी हा काही आशीर्वाद नाही. त्याच्याही खूप आधी सावकाराच्या हातातून शेतकरी सुटावा म्हणून आपल्याच लोकांनी 1918 साली पतपेढी काढली, तीच आज बॅसिन कॅथलिक बँक म्हणून उभी आहे, म्हणजे पैसा नीट हातात असला की त्यानं किती भलं होतं हे आपल्याला बाहेरून कोणी शिकवायची गरज नव्हती.

आम्ही नववी-दहावीत असताना वसईची जमीन आणि पाणी वाचवायची हरित वसईची चळवळ जोरात होती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो गावोगावी फिरून बोलायचे, सुवार्ता मासिकात लिहायचे, की ही जमीन आणि हे पाणी देवानं सांभाळायला दिलंय. 2020 मध्ये ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाले, आम्हाला ते त्याच्या खूप आधीपासून आमचे म्हणून माहीत होते. 2024 च्या जुलैमध्ये ते गेले. मला त्यांचं धाडस तर आठवतंच, पण त्याहून जास्त हे आठवतं की ते जमिनीबद्दल बोलता बोलता प्रार्थनेवर यायचे आणि प्रार्थनेबद्दल बोलता बोलता परत विहिरीवर, त्यांच्या डोक्यात या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

नंतर जे झालं ते आपल्या सगळ्यांच्या डोळ्यासमोर झालं. गुंठ्याला जो भाव आमच्या आजोबांनी स्वप्नात पाहिला नव्हता तो भाव घेऊन माणसं दारात यायला लागली. मी तोपर्यंत बँकेत नोकरीला लागले होते आणि काउंटरच्या या बाजूने बघत होते. आयुष्यभर ज्यांच्या पासबुकात चार आकडे होते त्यांच्या खात्यात एकदम मोठी रक्कम यायची. मी कोणालाही दोष देत नाही, कोणाला मुलीचं लग्न होतं, कोणाला ऑपरेशन, कोणाला वाडीत राबायला माणूसच उरलं नव्हतं. पण पुढे काय व्हायचं ते पण मी पाहत होते. आधी गाडी, मग फ्लॅट, मग भावाभावात बोलणं बंद, मग जॉइंट अकाउंट वेगळं करायचा अर्ज. एकाच आईची दोन मुलं माझ्यासमोर दोन खुर्च्यांवर बसून एकमेकांकडे न बघता सह्या करायची. दर रविवारी एकाच चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला, जाणारी.

आणि तेव्हा मला सरांनी शिकवलेला बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय नव्याने समजला. ती मूर्ख श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट आपण सगळे जाणतो, भरपूर पीक आलं, जुनी कोठारं पाडून मोठी बांधायची ठरवली आणि त्याच रात्री मेला. पण ती गोष्ट येशूनं का सांगितली हे आपण विसरतो. गर्दीतला एक माणूस त्याला म्हणाला होता, गुरुजी, माझ्या भावाला सांगा मला वारशाचा वाटा दे. बस, एवढंच कारण. दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि आमच्या काउंटरवरची. येशूनं वाटणी करून दिली नाही, म्हणाला मला तुमचा न्यायाधीश कोणी केलं, आणि मग ही गोष्ट सांगितली. सरांनी आम्हाला त्या शेतकऱ्याच्या बोलण्यात 'मी' आणि 'माझं' किती वेळा येतं ते पेन्सिलीनं अधोरेखित करायला लावलं होतं. माझं पीक, माझी कोठारं, माझं धान्य, माझा माल. त्यानं चोरी केली नव्हती, कोणाला फसवलं नव्हतं, पीक त्याच्याच शेतातलं. फक्त त्याच्या पूर्ण हिशोबात दुसरं माणूस नव्हतं आणि देव नव्हता. शेवटी येशू म्हणतो की जो स्वतःसाठी साठवतो आणि देवाच्या दृष्टीनं धनवान नाही त्याचं असंच होतं.

देवाच्या दृष्टीनं धनवान म्हणजे काय हे मला पुस्तकातून नाही, बाबांकडून कळलं. बाबा पण याच शाळेचे, त्यांनाही तेच सर होते, सर तेव्हा नवीन लागले होते. आमच्या आणि काकांच्या वाडीमध्ये एका बांधावरून वाद होता, बावखलाच्या कडेची दोनेक गुंठ्यांची पट्टी. कागद बाबांच्या बाजूनं होता. काकांचं म्हणणं आजोबांनी तोंडी त्यांना दिली होती. दोन्ही घरं शेजारी पण कित्येक वर्षं येणंजाणं नाही, काकूनं आईला हाक मारायची नाही, नाताळच्या करंज्या पण आमच्या हातून जायच्या नाहीत, दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाच्या हातून पाठवायच्या. ईस्टरच्या आधीच्या एका उपवासकाळात फादरनी मत्तयच्या शुभवर्तमानातलं ते वचन घेतलं, की तू वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. बाबा त्या रविवारी ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठले नाहीत. बाकावर बसून राहिले. घरी आल्यावर जेवले नाहीत, कपाटातून कागद काढले आणि काकांकडे गेले. काय बोलणं झालं ते आम्हाला कधी सांगितलं नाही, पण पुढच्या आठवड्यात पट्टी काकांच्या नावावर करायची तयारी सुरू झाली आणि ईस्टरला काकू आमच्या घरी आली, आईच्या गळ्यात पडून रडली.

त्या पट्टीची आजची किंमत मला माहितीये, बँकेत होते ना. लोकांनी बाबांना खुळ्यात काढलं. पण बाबा शेवटच्या आजारात होते तेव्हा रात्री उशाशी काका बसायचे, रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, काका म्हणायचे, बाबांच्या तोंडातून शब्द फुटत नव्हते तरी ओठ हलायचे. पैशानं नर्स मिळाली असती, भाऊ मिळाला नसता. हे मी मनापासून लिहितेय, सजवून नाही.

टीव्हीवर, मोबाइलवर काही प्रचारक सांगतात की तुझा विश्वास पक्का असेल तर देव तुला गाडी देईल, बंगला देईल, बिझनेस वाढवेल. मला ते ऐकून वाईट वाटतं. मग गोन्सालोचं काय? त्याचा धंदा तर होताच, विश्वासामुळे तो गेला. बायबलमधलं संत पौलानं इफिसकरांना लिहिलेलं पत्र उघडून बघा, सुरुवातीलाच तो म्हणतो देवानं ख्रिस्तामध्ये आपल्याला सर्व आध्यात्मिक आशीर्वाद दिलेत, आणि हे तो बंदिवासातून लिहितोय. मग तो ते आशीर्वाद सांगतो, जग व्हायच्या आधीपासून देवानं आपल्याला निवडलं, आपल्याला लेकरं म्हणून घरात घेतलं, पापांची क्षमा दिली आणि पवित्र आत्मा दिला, जो पुढच्या वारशाचा विसार आहे. जमिनीच्या व्यवहारात विसार हातात पडला की बाकीची रक्कम येणार हे आपण किती खात्रीनं धरून चालतो, तशी खात्री पौलाला देवाबद्दल होती. या यादीत एकही गोष्ट अशी नाही जी पुरात वाहून जाईल किंवा कोर्टात अडकेल.

पूर म्हणताना 2018 चा जुलै आठवला. तेव्हा वसईत किती दिवस पाणी होतं, आमची केळी आडवी झाली, लाइट नाही. बावखलं बुजली की पाणी जाणार कुठे. आई तेव्हा होती. ती रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून आम्हाला रोझरीला बसवायची आणि त्या दिवशी तिनं बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याची ती प्रार्थना वाचायला लावली, की अंजिराला फुलं आली नाहीत, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. मला तेव्हा आईचा थोडा राग आला होता, बाहेर नुकसान केवढं झालंय आणि ही आनंद म्हणते. पण ती खोटं आनंदी दाखवत नव्हती. वाचून झाल्यावर ती केळीसाठी रडली आणि मग सगळ्यांसाठी खिचडी टाकली, तळमजल्यावर पाणी शिरलेल्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या लोकांसाठी पण, जे कुठल्या गावाहून आले, कुठल्या धर्माचे हे तिनं विचारलं नाही.

आता मी रिटायर झालेय, व्हीआरएस घेतली. आमची वाडी अजून आहे, छोटी झालीये. लोक येतात, भाव सांगून जातात. माझ्या मुलाला त्याचं ठरवायचंय, मी त्याच्यावर लादणार नाही, पण त्याला मी त्याच्या आजोबांनी, म्हणजे बाबांनी, सोडलेल्या पट्टीची गोष्ट सांगितलीये आणि किल्ल्यात गोन्सालोच्या सणाला दरवर्षी घेऊन जाते.

आणि रविवारी मिस्सानंतर मी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते, आठवीची मुलं. मुलं मोबाइलवाली, हुशार, सरळ विचारणारी. मध्यंतरी मी त्यांना लूकचा बारावा अध्याय दिला आणि सरांसारखंच पेन्सिलीनं 'मी' आणि 'माझं' अधोरेखित करायला सांगितलं. सगळं झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, म्हणाली टीचर, शेतकऱ्याचं कळलं, पण ज्याने पहिला प्रश्न विचारला होता त्याला त्याचा वाटा शेवटी मिळाला का? लूकनं ते लिहिलेलं नाही. मी तिला तसं सांगितलं आणि विचारलं तुला काय वाटतं, तो घरी जाऊन भावाला काय म्हणाला असेल? तर अर्धा वर्ग एकदम बोलायला लागला, कोणी म्हणे त्यानं वाटा सोडला, कोणी म्हणे नाही, मोठ्या भावानेच येशूचं ऐकलं असेल आणि स्वतःहून दिला असेल, एक मुलगा म्हणाला दोघांनी मिळून शेती केली असेल. वेळ संपली तरी मुलं उठेनात, मग बाकीचा धडा पुढच्या रविवारवर ढकलला.