चला, चपला घाला

उन्हाळ्यात आइस्क्रीम खायला किती वेळा बाहेर जायचं, याचा आमच्या घरी अलिखित कायदा होता. तीनदा. एकदा १ मेला, शाळेचा निकाल लागला की. (गणितात काठावर सुटले त्या वर्षीही गेलो होतो, बाबा वाटेत फक्त जरा गप्प होते.) एकदा मामेभावंडं मुंबईहून आली की. आणि तिसरी खेप कधी, ते कुणालाच ठाऊक नसे. रात्रीची जेवणं उरकलेली, पंखा गरम वारा ढकलतोय, आणि बाबा पेपराची घडी घालत एकदम म्हणायचे, "चला, चपला घाला." कुठे, असं कुणी विचारत नसे. आजी तेवढं "घसे धरतील रे पोरांचे" म्हणायची आणि सगळ्यांत आधी तिच्याच चपला पायात असायच्या.

आम्ही पुण्यात पेठेतले, त्यामुळे निंबाळकर तालीम चौकापर्यंत चालत. तिथल्या 'सुजाता' दुकानातली मँगो मस्तानी. घट्ट आंब्याचं दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा. तो आधी खायचा की दुधात विरघळू द्यायचा, यावर आम्हा भावंडांत दोन पक्ष. माणसं सात, ग्लास चार. बाबा "मला नको" म्हणायचे आणि त्यांचा चमचा चारही ग्लासांतून फिरून यायचा. आई फलक वरपासून खालपर्यंत वाचायची, अंजीर कसं लागतं ते विचारायची, आणि शेवटी घ्यायची केशर-पिस्ताच.

घरचं पॉट आइस्क्रीम या हिशोबात धरलेलं नसे, कारण ते खाणं नव्हे, मजुरी. लाकडी बादलीत पत्र्याचं भांडं, भोवती गोणपाटात कुटलेला बर्फ आणि खडेमीठ. मीठ पडलं की बर्फ वितळताना शून्याच्याही बराच खाली जातो, म्हणूनच आतलं दूध गोठतं. आम्हाला शास्त्र नको होतं, दांडा कोण फिरवणार एवढाच प्रश्न होता. शेवटी तो जड झाला की धाकट्याला पोतं घालून झाकणावर बसवायचं. बूड गार पडलं की तो किंचाळायचा आणि आम्ही समजायचो, आता झालंच असेल.

लग्न होऊन कोल्हापूरला गेले आणि माझा कायदा मोडीत निघाला. पहिल्याच आठवड्यात दीर म्हणाले, "वहिनी, कॉकटेल खाणार न्हवं?" मी सासूबाईंकडे बघतच राहिले. तर कॉकटेल म्हणजे आइस्क्रीम, फळांचे तुकडे, जेली, सुकामेवा, सगळं एकाच उंच ग्लासात. शिवाय माणशी एक ग्लास! वाटून घेऊया म्हटलं तर सगळे असे बघायला लागले, जणू मी आजारी आहे. मग रंकाळ्यावर चक्कर. परवा पुन्हा. मी सवयीने मोजत होते. मे संपायच्या आत आकडा अकरावर गेला आणि मी मोजणं सोडलं.

आता आम्ही परत पुण्यात, आणि आकडा शून्याकडे निघालाय. फ्रीझरमध्ये फॅमिली पॅक कायम पडलेला. त्याच्यावर बारीक अक्षरात 'फ्रोजन डेझर्ट' लिहिलेलं असेल तर आत दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं, एवढं बघून घेते. ७०० मिलीचा डबा एकदा काट्यावर ठेवला तर वजन जेमतेम निम्मं भरलं. आइस्क्रीम फेटताना त्यात हवा भरतात, म्हणून ते मापाने विकतात, किलोने नाही. बाबांना हे सांगितलं तर ते खूष झाले. "म्हणजे आपण हवा खायला जायचो, ते बरोबरच होतं की!"

गेल्या शनिवारी ते आमच्याकडे होते. रात्री वीज गेली, उकडायला लागलं. नातीने फोनवर काहीतरी दाबलं आणि दहा मिनिटांत दारात आइस्क्रीम. बाबांनी मेणबत्तीच्या उजेडात मन लावून खाल्लं, वाटी चाटूनपुसून ठेवली, चष्मा पुसला. मग दाराकडे गेले आणि अंधारात पायाने काहीतरी चाचपडत म्हणाले, "झालं ना सगळ्यांचं? चला मग. माझी डावी कुठेय?"