जुन्या लाकडी डेकला पावसातून वाचवताना

आमच्या डेकची, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी फळ्यांच्या ओट्याची, भिंतीकडून तिसरी फळी. रोज तिच्यावरून ये-जा व्हायची, पण त्या दिवशी टाच किंचित दबली. खाली बसून स्क्रू ड्रायव्हर फळीच्या टोकाशी टेकवला, तर फारसा जोर न लावताच तो बोटभर आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्याला ओला, तपकिरी चुरा चिकटला होता. वरून मात्र फळी धडधाकट दिसत होती. दोन वर्षांपूर्वी मी चढवलेलं वार्निश तिच्यावर अजून चकाकत होतं.

ते वार्निशच दुखण्याचं मूळ होतं. वार्निश लाकडावर पापुद्रा धरतं. फळ्या पावसात फुगतात, उन्हात आकसतात, त्यावर पायांची वर्दळ. कुठेतरी केसभर तडा जातोच. त्यातून पाणी आत जातं आणि पापुद्र्याखाली कोंडून राहतं. लाकूड भिजल्यानं कुजत नाही, ओलं राहिल्यानं कुजतं. ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणाऱ्या बुरशीला वाढता येत नाही. हे कळल्यावर मी ‘वॉटरप्रूफ’ हा शब्दच मनातून काढून टाकला. पाणी कमी मुरावं आणि मुरलेलं लवकर सुकावं, एवढंच डेकच्या बाबतीत आपल्या हातात असतं.

ओळखीच्या सुतारकाकांना बोलावलं. ते फळ्यांकडे बघायच्या आधी डेकखाली वाकले. म्हणाले, “ताई, वरून पाणी येतं ते येऊ द्या. खालून वारा फिरतोय का ते बघा आधी.” खाली वर्षानुवर्षांचा पालापाचोळा साचला होता आणि फळ्यांमधल्या सांदी चिखलानं बुजल्या होत्या. एक अख्खा दिवस पातळ पातं घेऊन मी सांदी मोकळ्या केल्या. काम कंटाळवाणं, पण पूर्ण कामातलं सगळ्यात उपयोगी हेच, असं मी आजही म्हणेन. कुंड्याही हलवल्या, प्रत्येकीखाली काळं ओलं वर्तुळ होतं.

चार फळ्या बदलाव्या लागल्या. त्या उचलल्यावर खालच्या तुळया दिसल्या. त्यांच्या माथ्यावर, जुन्या खिळ्यांच्या भोकांभोवती, लाकूड मऊ पडायला लागलं होतं. काकांनी तेवढा भाग खरवडून, सुकवून वर ब्युटाइल रबराची चिकटपट्टी लावली. ती स्क्रूभोवती घट्ट बसते, त्यामुळे भोकातून पाणी तुळईत उतरत नाही. नव्या फळ्या बसवण्याआधी त्यांची कापलेली टोकं मी तेलात दोन-तीनदा भिजवली. झाडात पाणी वर चढवणाऱ्या नळ्या टोकाशी उघड्या पडलेल्या असतात. म्हणून फळीच्या पाठीपेक्षा टोकातून पाणी कितीतरी पट वेगानं शोषलं जातं. माझा स्क्रू ड्रायव्हर टोकाशीच आत गेला होता, तो उगाच नाही.

मग वार्निश खरवडणं. प्रेशर वॉशर मुद्दामच वापरला नाही, त्याच्या झोतानं लाकडाचे मऊ पट्टे उखडतात आणि कुसळं उभी राहतात. आधी पात्यानं खरवडलं, मग ६० नंबरचा सँडपेपर, शेवटी ८०. त्याहून बारीक घासायचा मोह होतो, हाताला छानच लागतं, पण फार गुळगुळीत लाकूड तेल नीट पीत नाही. एक महत्त्वाचं. फार जुनं, रासायनिक प्रक्रिया केलेलं लाकूड असेल तर त्यात आर्सेनिक असू शकतं. तसली शंका असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय घासू नका. आमचं तसं नव्हतं, तरी मास्क लावूनच काम केलं.

धुण्यासाठी सोडियम परकार्बोनेट ही डाग काढणारी पावडर पाण्यात कालवली. पंधरा मिनिटं फळ्या ओल्या ठेवून ब्रशनं घासल्या, तेव्हा राखाडी थर आणि शेवाळ फेसाबरोबर निघून आलं. या पावडरीनं लाकूड काळपट पडतं, म्हणून नंतर हातमोजे आणि चष्मा घालून ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ पाणी फिरवलं. जुन्या लोखंडी खिळ्यांभोवती लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे काळे डाग पडले होते. ते डोळ्यांदेखत फिके होत गेले. खालून मधासारखा रंग वर आला तेव्हा मी ब्रश तसाच हातात धरून बघत बसले. इतकी वर्षं हे लाकूड आपल्या पायाखाली होतं!

त्यानंतर भरपूर पाणी ओतलं आणि वाट बघत बसले. पावसाळी हवेत खरी परीक्षा हीच. दोन दिवस उघडीप मिळाली की हात शिवशिवायला लागायचे, कारण वरून फळ्या कोरड्या ठणठणीत वाटायच्या. पण ओलावा मोजायच्या मीटरच्या दोन सुया टोचल्या की मधोमध १७ आणि भिंतीकडे २४ टक्के दिसायचे. १५ च्या आत आल्याशिवाय तेलाचा डबा उघडायचा नाही असं ठरवलं होतं. पुन्हा पाऊस आला की ताडपत्री, पण टेकूवर उंच ताणलेली, खालून वारा खेळेल अशी. फळ्यांवरच पसरली तर ओल कोंडते. भिंतीकडची बाजू १५ च्या खाली यायला जवळजवळ तीन आठवडे लागले.

तेल लावणं त्यामानानं सोपं गेलं. आत मुरणारं, थोडा रंग असलेलं तेल घेतलं. रंगकण ऊन अडवतात, बिनरंगी तेलाखाली लाकूड लवकर राखाडी पडतं. सावली आल्यावर, एका वेळी दोनच फळ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता. वीस मिनिटांनी वर राहिलेलं तेल फडक्यानं पुसलं. न मुरलेलं तेल चिकट राहतं आणि पुन्हा पापुद्राच धरतं. ती फडकी चुकूनही गोळा करून ठेवू नका. जवसाच्या तेलासारखी तेलं वाळताना तापतात आणि बोळा आपोआप पेटू शकतो. मी फडकी पाणी भरलेल्या लोखंडी बादलीत बुडवली.

नवव्या दिवशी मुसळधार पाऊस झाला. फळ्यांवर थेंबांचे मणी उभे होते, पण मला त्यांचं फारसं कौतुक नव्हतं, ते तर वार्निशवरही दिसले होते. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी मीटर घेऊन भिंतीकडच्या तिसऱ्या फळीपाशी बसले. सुया टोकाशी टोचल्या. १६.